बुजगावण्याचा सूर

सन एकोणीसशे एकाहत्तर. त्या उन्हाळ्यात विस्कॉन्सिनच्या खाडीकाठी वाटाणा वेळेआधीच भरला, सेंट ऑडील गावातली बरीच पोरं व्हिएतनामच्या लढाईवर गेली आणि फर्न व्हँडर्टीला बिगुल मिळाला. न फुंकण्याच्या अटीवर.

अट घालणारे होते ऑर्विल क्लोस्टरमन. दिवसा कागदाच्या गिरणीत पाळी करायची आणि संध्याकाळी ‘हार्बर लँटर्न्स’ या गावच्या ढोल-बिगुल पथकातल्या पोरांना शिकवायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. माणूस वाईट नव्हता, पण स्पर्धेच्या गुणांनी त्यांना पछाडलं होतं. त्या काळी परीक्षक वर खुर्चीत बसून ऐकत नसत. हातात पॅड आणि पेन्सिल घेऊन ते थेट मैदानात उतरायचे, चालत्या रांगांमध्ये घुसायचे आणि वाजवणाऱ्याच्या बिगुलाला कान लावायचे. सूर चुकला की पेन्सिलीची एक खूण. खूण पडली की गुणाचा दहावा हिस्सा गेला. आदल्या वर्षी राज्य स्पर्धेत लँटर्न्स अशाच दोन खुणांनी मागे पडले होते आणि क्लोस्टरमन सर त्या दोन खुणा उशाशी घेऊन झोपत होते.

नॉर्बर्ट डेस्त्रीला नाताळाच्या आधी सैन्याचं बोलावणं आलं आणि बॅरिटोनच्या रांगेत खड्डा पडला. बॅरिटोन म्हणजे मधल्या आवाजाचा बिगुल. जड, रुंद तोंडाचा, घोगऱ्या गळ्याचा. पथक मैदानावर आकृत्या करत चालतं. त्यात एक माणूस कमी असला की वरून बघणाऱ्याला पुढचा दात पडल्यासारखं दिसतं. जागा भरायला पोरगा मिळेना. मुलींना तोवर बिगुलाच्या रांगेत कुणी घेतलं नव्हतं. मुली निशाणं नाचवायच्या. त्या निशाणवाल्या मुलींत फर्न होती, अठरा वर्षांची, उंच, पाऊल अगदी घड्याळासारखं.

"तू चालतेस छान," सर तिला म्हणाले. "नॉर्बर्टच्या जागी उभी राहा. बिगुल ओठांना लाव, गाल जरा फुगव, लोकांना खरं वाटलं पाहिजे. पण आत वारा जाता कामा नये. कळलं? मुका माणूस चुकत नाही."

"पण सर, मला वाजवता येतं."

"येत असेल."

"एकदा ऐका तरी."

"सीझन संपला की ऐकतो," असं म्हणून ते ढोलवाल्यांकडे निघूनही गेले.

सीझन संपल्यावर ऐकणं म्हणजे काय, हे फर्नला कळत होतं. पानं गळायला लागली की शाळेतली नवी पोरं भरती होणार, त्यातला एखादा बॅरिटोन उचलणार आणि फर्नच्या हातात पुन्हा निशाण येणार. जे काही व्हायचं ते याच उन्हाळ्यात.

नॉर्बर्टचा गणवेश तिच्या आईने मशीनवर बसून आत घेतला. जाड लोकरीचा, जुलैच्या उन्हात अंगाला चावणारा. कॉलरच्या आत शाईने लिहिलेलं ‘एन. डेस्त्री’ मात्र आईने तसंच ठेवलं. "त्याचं आहे ते," ती म्हणाली. "आला की परत द्यायचाय."

फर्नला सगळं संगीत पाठ होतं, यात नवल काहीच नव्हतं. पाळण्यात होती तेव्हापासून ती या पथकाच्या मागे फिरत आली होती. इतर घरांत रविवारी चर्चनंतर मासे पकडायला जात. व्हँडर्टींकडे सँडविचं बांधून शेजारच्या गावची स्पर्धा बघायला जात. लाकडी बाकांवर बसून बसून तिच्या आईच्या सगळ्या स्कर्टांना मागे चकाकी आली होती. फर्न फुंकायला शिकली ती माजी सैनिकांच्या हॉलमध्ये अडगळीत पडलेल्या एका चेपक्या बिगुलावर. शाळेच्या बँडमधल्या वाद्यांना तीन कळा असतात. या बिगुलांना अंगठ्याखाली एखाददुसरा खटका, बाकीचं सगळं ओठांवर. ओठ आवळले की सूर चढतो, सैल सोडले की उतरतो, आणि मध्ये कुठेतरी एक जागा अशी असते की पितळ आपणहून गायला लागतं. ती जागा एकदा सापडलेल्या माणसाला पुढे सुख नाही.

फर्नला नव्हतंच. ती वाटाण्याच्या कारखान्यात पट्ट्यापाशी उभी राहून खडे आणि शेंगांचे तुकडे वेचायची आणि तिचा अंगठा मध्येच हवेत खटका दाबायचा. "काय गं, मुंग्या आल्या का?" शेजारची बाई विचारायची. जेवायला बसली की टेबलाखाली पाय ताल धरायचा आणि प्लेटा थरथरायच्या. रात्री कूस बदलून बदलून चादरीची दोरी व्हायची. बिगुल ओठांना लावून फुंकायचा नाही, हा प्रकार ज्याने केला नाही त्याला सांगून कळणार नाही. तहानलेल्याने ओठांना पेला लावायचा आणि घोट घ्यायचा नाही, रोज दोन तास.

बॅरिटोनच्या रांगेचा म्होरक्या होता डुएन बोदार. लाल केसांचा, जिभेला हाड नसलेला. त्याने पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं.

"ए बुजगावण्या, पक्षी उडाले की नाही आज?"

"तुझा सूर ऐकून उडाले ते. मला काही करावंच लागलं नाही."

"अरे वा! बुजगावण्याला तोंड आहे रे!"

पोरं हसायची. हसण्यात वाईटपणा नव्हता, पण जागा कुठली ते त्यात बरोबर दाखवलेलं असायचं.

सगळ्यात जास्त झोंबायचे ते जोर. लँटर्न्सचा जुना रिवाज होता. स्पर्धा झाली की बसच्या मागे मोकळ्या जागेत सगळे बिगुलवाले गोल उभे राहायचे. सर फक्त एवढंच म्हणायचे, "कुणाचं काय?" ज्याला आपली चूक ठाऊक असेल त्याने आपणहून पुढे यायचं, गणवेशासकट जमिनीवर हात टेकायचे आणि एका चुकीला वीस जोर काढायचे. दुसऱ्याकडे बोट दाखवायचं नाही. आणि बाकीच्यांनी एका आवाजात मोजायचं. न मोजलेला जोर धरायचा नाही, हाही रिवाजच. शिक्षा म्हणायची तर शिक्षा. पण जोर काढून उठलेल्या पोराच्या पाठीवर जी थाप पडायची ती बक्षिसासारखी असायची. फर्न बाजूला उभी राहून सगळ्यांच्या टोप्या धरायची. तिच्याकडून चूक होणंच शक्य नव्हतं.

जुलैच्या एका स्पर्धेत एक परीक्षक रांगेतून येता येता तिच्यापाशी थांबला. बुटका माणूस, जरा लंगडणारा. त्याने वाकून तिच्या बिगुलाच्या तोंडाला कान लावला. फर्नचे गाल फुगलेले, डोळे समोर. तो तसाच थोडा वेळ तिच्याबरोबर चालला. मग कान काढून घेतला, तिच्या तोंडाकडे बघितलं, मिशीत हसला आणि पुढच्या पोराकडे गेला. पेन्सिल हललीसुद्धा नाही. त्या दिवशी तिने घरी येऊन गणवेश टांगला आणि बिगुल घेऊन सरळ सायलोत गेली.

बिगुल पुसायला घरी न्यायची मुभा होती. जो तो आपापला बिगुल आरशासारखा करून आणायचा. सायलो म्हणजे गोठ्याशेजारचा उंच, गोल मनोरा. मक्याचा चारा भरून ठेवायचा. उन्हाळ्यात तो तळापर्यंत रिकामा असतो. फर्न खालच्या दारातून वाकून आत शिरायची. आत थंड, आंबूस वास आणि वर आभाळाचं नाण्याएवढं गोल. तिथे उभं राहून ती फुंकायची आणि सूर भिंतीवरून फिरत फिरत वर चढायचा, परत खाली यायचा आणि तिच्या छातीतून, दातांतून, तळपायांतून जायचा. एक फर्न फुंकायची आणि दहा फर्न उत्तर द्यायच्या. पोट हलकं व्हायचं. हसू यायचं. ओठ सुजून मिरचीसारखे व्हायचे तरी थांबवत नसे.

"फर्न!" वडील बाहेरून ओरडायचे. "गाई पान्हा चोरायला लागल्या!"

"त्यांना आवडतं, पप्पा!"

"त्यांनी तुला सांगितलं वाटतं? मला तर बादली काही वेगळंच सांगते."

सायलोत ती वाजवायची तो नॉर्बर्टचाच भाग. पण कागदावरचा नव्हे. कागद तिला कुणी दिलाच नव्हता, मुक्या माणसाला कागद कशाला? ती वाजवायची ते बाकावर बसून कानाने उचललेलं. त्यात एक संथ चाल होती. ती चढत चढत जायची, सगळे बिगुल एकदम थांबायचे आणि त्या शांततेत एकटा नॉर्बर्ट एक खालचा सूर धरून ठेवायचा. लांब, एकाच श्वासात. बाकांवर लोक तोंडातला घास चावायचे थांबायचे. मग त्या सुराखालून ढोल उठायचे. नॉर्बर्ट गेल्यावर सरांनी ती जागा कापली. तेवढा सूर निभावेल असा दुसरा कुणी नव्हता. आता सगळे एकत्र थांबायचे, क्षणभर शांत आणि लगेच ढोल. फर्नला हे ठाऊक होतं, रोज त्यातूनच तर ती चालत होती. पण सायलोत ती आपली जुनंच वाजवायची. तो सूर सोडायचा तिला धीर होत नसे.

ऑगस्टमध्ये पथकाच्या मदतीसाठी चर्चच्या आवारात बूया नावाचा रस्सा रटरटत होता. चार माणसं बसतील एवढ्या कढया, कोंबडी, मटण, कोबी, बटाटे सगळं एकत्र, आणि होडीच्या वल्ह्यांनी ढवळणारे बाप्ये. फर्न वाटीभर घेऊन झाडाखाली बसली होती. तिथे मिसेस डेस्त्री येऊन उभ्या राहिल्या, नॉर्बर्टची आई.

ओडील डेस्त्री म्हणजे पथकाच्या चाहत्यांतली अर्क बाई. एकही स्पर्धा चुकवायची नाही. एका हातात गाईच्या गळ्यातली मोठी घंटा, मांडीवर लहान पोराच्या दुपट्यात गुंडाळलेला कॅसेट रेकॉर्डर. प्रत्येक स्पर्धा टेप करून ती कॅसेट नॉर्बर्टला व्हिएतनामला धाडायची आणि तो तिकडून आपलं बोलणं टेप करून पाठवायचा.

"मिस व्हँडर्टी," त्या म्हणाल्या. एरवी त्या तिला फर्नी म्हणायच्या. "एक विचारू?"

"विचारा ना, मिसेस डेस्त्री."

"काल नॉर्बर्टची कॅसेट आली. तो म्हणतो, आई, माझ्या जागेवर कोण आहे? सगळ्यांचे ऐकू येतात, माझा भाग कुठे गेला? मी म्हटलं, एवढ्या लांब टेप जाते, खराब झाली असेल. पण मग मी स्वतः बसून ऐकलं. तू फुंकत नाहीस ना?"

फर्नने वाटीत चमचा फिरवला.

"माझ्या पोराचा कोट अंगात घालून, त्याच्या जागेवर उभी राहून, नुसती गाल फुगवतेस?"

"मला सांगितलंय तसं."

"कुणी?"

फर्नने कढईकडे बघितलं. बोलायची गरजही नव्हती. पलीकडे कढईपाशी क्लोस्टरमन सर वल्हं मारत होते.

"ऑर्विल होय," मिसेस डेस्त्री म्हणाल्या. "ऑर्विलचं काय, उद्या मैदानात पुतळे उभे करील तो आणि पहिला नंबर आणील. आणि तुला येत नाही का?"

"येतं."

"मग?"

"मग काय? फुंकलं तर काढून टाकतील."

"आणि नाही फुंकलं तर ठेवतील?"

एवढं बोलून त्या गेल्या. फर्नच्या बूयावर साय धरली.

राज्य स्पर्धा ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी होती, मॅरियन पॉइंटच्या फुटबॉल मैदानात. सीझनमधली शेवटची. बसमध्ये पोरं खिडक्यांवर ताल धरत होती आणि फर्न बिगुलाचा काढलेला माउथपीस मुठीत धरून बसली होती. थंड पितळ ओठांना लागू नये म्हणून सगळेच तसं करतात. तिला मात्र आजवर गरज नव्हती. डुएनच्या ते लक्षात आलं.

"काय बुजगावण्या, अंडं उबवतेस का?"

"गप रे."

"बघ हां," तो हळू आवाजात म्हणाला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. "तिसरा नंबर तरी मिळाला पाहिजे आज. तिसऱ्याला कप असतो. माझा शेवटचा सीझन आहे, मी डिसेंबरात एकवीसचा होतो. एकवीस झाला की पथकातून बाहेर, माहितीये ना?"

तिला माहिती होतं. ते तिच्यावर अजून एक ओझं झालं.

ते मैदानात उतरले तेव्हा सूर्य कलला होता आणि बाकांवर गर्दी मावत नव्हती. वर कुठेतरी ओळखीची घंटा घणघणली. सुरुवातीच्या रेषेवर उभं असताना फर्नने ठरवलं नव्हतं. पहिली चाल गेली, ती गाल फुगवून चालली. दुसरी गेली. कॉलरमध्ये घाम उतरत होता आणि लोकर मानेला चावत होती, बरोबर त्या शाईच्या नावापाशी. मग संथ चाल सुरू झाली. डावीकडे डुएन, उजवीकडे दुसरा पोरगा, दोघांचे सूर तिच्या दोन्ही खांद्यांना लागून वाहत होते. मध्ये ती एक कोरडी जागा. आणि पुढच्या वळणावर तिने श्वास घेतला, आणि तो श्वास परत नाकाने सोडायचा राहून गेला.

वारा आत गेला.

पितळ थरथरलं. सूर आला, जाड, गरम, तिचा. आधी ती दबकत होती, मग नाही. डुएनने डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. मान वळवायची सोय नव्हती. रांग भरली. फर्नला ते कानांनी कळलं नाही, पाठीच्या कण्यात कळलं. आता ती चालत नव्हतीच, तिला कुणीतरी उचलून नेत होतं. चाल चढत गेली, चढत गेली आणि सगळे बिगुल एकदम थांबले.

फर्न थांबली नाही.

मनाने ती सायलोतच होती. तिच्या ओठांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. भरल्या मैदानावर त्या शांततेत एकटा तो खालचा सूर उभा राहिला, आदल्या वर्षी जिथे उभा राहायचा तिथेच. अशी चूक वाजवणारा करणार नाही. ती करावी तर बाकांवर बसून वाढलेल्या माणसानेच, ज्याला बदललेला कागद कुणी दिला नाही. ढोल ठरल्या ठोक्याला उठले आणि तेव्हा तिला कळलं की आपण एकट्याच आहोत. पण श्वास अजून शिल्लक होता. अर्ध्यावर तोडणं त्याहून वाईट दिसेल असं तिला वाटलं, की तोडवलं नाही, देव जाणे. तिने तो संपेपर्यंत धरला.

तिच्या समोर बुटका, लंगडणारा परीक्षक उभा होता. तोच. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं, बिगुलाकडे बघितलं. मग मान खाली घालून पॅडवर एक खूण केली.

कार्यक्रम संपल्यावर सगळी पथकं मैदानात रांगा करून निकाल ऐकायला उभी राहिली. लँटर्न्स चौथे आले. तिसऱ्या पथकाशी अंतर एका खुणेचं. लाउडस्पीकरवर आकडा वाचला गेला आणि डुएनने डोळे मिटून घेतले.

बसच्या मागे गोल झाला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. क्लोस्टरमन सर आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"कुणाचं काय?"

दोघं-तिघं पुढे आले, आपापल्या चुका सांगून जोर काढून गेले. मोजणाऱ्यांच्या आवाजात जीव नव्हता. मग गोल पुन्हा शांत झाला.

फर्नने हातातल्या टोप्या गवतावर ठेवल्या आणि पुढे आली.

"संथ चालीत, सर. मी थांबले नाही."

"तुला हे लागू नाही," सर म्हणाले. "तू वाजवणाऱ्यांत नाहीस. बसमध्ये जाऊन बस."

"खूण माझी आहे, सर."

"मला माहीत आहे खूण कुणाची आहे! आख्ख्या राज्याला माहीत आहे! बसमध्ये जा म्हटलं ना?"

बसमध्ये जाणं म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. कोट काढून आईकडे द्यायचा आणि निशाण हातात घ्यायचं. फर्न गेली नाही. तिने खाली हात टेकले, पाय मागे ताणले आणि पहिला जोर काढला.

कुणी मोजला नाही.

दुसरा काढला. शांतता. तळहातात खडी रुतत होती, लोकर पाठीवर ताणली गेली होती. न मोजलेला जोर धरायचा नाही. असे शंभर काढले तरी ती शून्यावरच राहणार होती. तिसरा काढला. नाकावरून घामाचा थेंब खाली पडला. ती चौथ्यासाठी खाली गेली. वर येता येता कुठूनतरी एक घोगरा आवाज आला.

"एक."

डुएनचा होता. ज्याचा कप गेला होता, त्याचा.

"दोन," तो म्हणाला, तेव्हा त्याच्याबरोबर आणखी कुणीतरी होतं. पाचाला निम्मा गोल मोजत होता आणि दहाला सगळे, ढोलवाल्यांसकट. ते तर यायचेही नाहीत एरवी. फर्नला हसू येत होतं आणि दम पुरत नव्हता. शेवटचे दोन तिने कसे काढले, तिचं तिला ठाऊक. वीस झाल्यावर ती उठायला लागली.

"थांब," सर म्हणाले. ते इतका वेळ पाठ करून उभे होते. ते वळले. "आणखी दहा. न विचारता फुंकल्याबद्दल."

"ऑर्विल, पोरीचे हात बघ जरा!" कुणाची तरी आई बसच्या दारातून ओरडली.

"वाजवणारी आहे ती," सर म्हणाले. "वाजवणाऱ्याला सवलत नसते."

ते दहाही मोजले गेले. मग पाठीवर थाप पडली, एक नव्हे, अनेक; एका थापेने तर ती पुन्हा पडतच होती. "चल गं बुजगावण्या," डुएन म्हणाला, "माझा कप खाल्लास, आता निदान हॅम्बर्गर तरी खाऊ घाल." सर जाता जाता तिच्यापाशी थांबले. "ऑक्टोबरात हॉलवर ये," ते म्हणाले. "कागद देतो. कागदावर असेल तेवढंच वाजवायचं." दोन पावलं जाऊन मागे वळून म्हणाले, "तो सूर कुठे तयार केलास?"

"सायलोत."

"तरीच," असं काहीतरी ते पुटपुटले.

मिसेस डेस्त्रींच्या त्या दिवसाच्या कॅसेटवर सगळं आलं आहे. एरवी त्या जागी त्यांचं ओरडणं असायचं. त्या दिवशी त्या ओरडल्या नाहीत. तो लांब सूर ऐकू येतो आणि तो चालू असतानाच घंटा हातातून सुटून लाकडी पायऱ्यांवरून खाली खाली गडगडत गेल्याचा आवाज. नॉर्बर्टचं उत्तर सप्टेंबरच्या अखेरीस आलं. "आई," तो म्हणाला होता, "शेवटी सूर जरा उतरला. त्याला सांग, पोट आत घे. पण आहे कोण तो?" मिसेस डेस्त्रींनी ते सायकलवर येऊन फर्नला ऐकवलं.

पुढच्या वर्षी सरांनी ती जागा परत घातली, आणि कागदावर ती फर्नच्या नावाने होती. क्लोस्टरमन सर गिरणीतून निवृत्त झाले, शेवटपर्यंत गुण मोजत राहिले आणि एका हिवाळ्यात झोपेतच गेले; त्यांच्या दफनाला बत्तीस बिगुल वाजले. डुएनने कप कधीच जिंकला नाही. तो नळाची कामं करायचा. त्याच्या तिन्ही मुली पुढे शेजारच्या मोठ्या पथकात बिगुलावर होत्या आणि तो बाकांवर बसून त्यांना लाज येईल इतका ओरडायचा. नॉर्बर्ट परत आला, पण तोफांनी त्याचा एक कान नेला होता. बिगुल त्याने पुन्हा हातात घेतला नाही. गणवेशही परत घेतला नाही. "तिच्या मापाचा झालाय आता," म्हणाला. खाडीतल्या बोटीवर नोकरी केली आणि स्पर्धेला आईच्या डाव्या बाजूला बसला, चांगला कान मैदानाकडे करून. मिसेस डेस्त्री खूप म्हाताऱ्या होऊन वारल्या. घंटा त्यांनी फर्नसाठी ठेवली. लँटर्न्स पथक काही वर्षांनी माणसं आणि पैसा दोन्ही आटल्यामुळे बंद पडलं.

फर्न एकवीसची होईपर्यंत वाजवत राहिली. मग दूधसंघात नोकरी, लग्न, दोन मुलं, आणि चर्चच्या जत्रेतल्या बँडमध्ये जुना बॅरिटोन. आता दात तिचे नाहीत आणि ओठांत ती पकड राहिली नाही. परीक्षकही आता मैदानात उतरत नाहीत. वर काचेमागे बसतात. तरी दर उन्हाळ्यात ती घंटा घेऊन जाते. संथ चाल लागली, सगळे बिगुल थांबले आणि मैदान शांत झालं की तिचा पाय बाकाखाली हलायला लागतो, अंगठा हवेत खटका दाबतो, आणि शेजारच्या माणसाला वाटतं, या बाईंना काही होतंय का? होतं काहीच नाही. ती नुसता श्वास भरून घेते आणि तो सूर कुणीतरी धरेल म्हणून वाट बघते.